घरातली सापीण अंड्यावर येते तेव्हा




उन्हाळ्याची सुट्टी संपून विद्यालय पुन्हा सुरू होत आहे. या पानावर आम्ही बहुधा निकाल, शिस्त, गणवेश आणि वेळेवर भरावयाची फी यांबद्दल लिहितो आणि ते किती जण वाचतात याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. या वेळी विषय निराळा आहे. आपल्या विद्यालयाच्या नववीच्या एका विद्यार्थ्याच्या घरी पाळलेली सापीण अंडी घालण्याच्या बेतात आहे. त्या अंड्यांचे काय करायचे हा प्रश्न त्याच्या घरून आमच्या टेबलावर, तेथून विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आणि आता सगळ्या वर्गांत पोहोचला आहे. म्हणून आमचे मत उघडपणे लिहून टाकणे बरे. हे सर्व त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहोत. नाव मात्र कोणाचेही देणार नाही, आणि आपणही विचारू नये.

आधी हकीकत. २०२१ साली या घरी बॉल पायथन जातीची एक लहान मादी आली. हा अजगराच्या कुळातला साप. बिनविषारी, लांबीला चार-साडेचार फूट, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला. घाबरला की डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो म्हणून हे नाव. आपल्या देशातले साप पकडणे व पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. हा साप विदेशी, पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर ज्यांच्याबाबत देखरेख असते अशा प्राण्यांच्या यादीतला आहे. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. या कुटुंबाने ती केली आहे. कागद आम्ही स्वतः पाहिला. तो नसता तर हा लेख लिहिलाच नसता.

२०२५ च्या जानेवारीत घरचे सगळे लग्नासाठी पुण्याला गेले. जाताना सापीण ओळखीच्या एका गृहस्थांकडे ठेवली. त्यांच्याकडे त्याच जातीचा नर होता. एकटीला करमणार नाही, असे समजून त्यांनी दोघांना एका पेटीत ठेवले. सापाला करमण्या-न करमण्याचा प्रश्न नसतो. तो एकट्याने राहणारा जीव आहे. पण माणसाचा स्वभाव असा की आपल्याला सोबत लागते म्हणजे सगळ्यांनाच लागत असणार.

मार्चअखेर सापिणीने खाणे सोडले. एप्रिलमध्ये ती पेटीच्या गरम कोपऱ्यात पोट वर करून पडू लागली. मुलगा घाबरून आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमकडे आला, “मॅडम, ती मरतेय का?” मॅडमनी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी सांगितले, मरत नाही, अंड्यावर आली आहे. घरच्या आजींनी हे ऐकून विचारले म्हणे, “मग डोहाळजेवण करायचं का हिचं?” पण जिचे डोहाळे पुरवायचे ती काही खायला तयार नव्हती.

पुढच्याच आठवड्यात वडील आमच्याकडे आले. गृहस्थ सज्जन आणि उत्साही. म्हणाले, “सर, आपल्या प्रयोगशाळेत अंडी उबवण्याचं मशीन आहे ना? आमची अंडी तिथेच ठेवू. मुलं बघतील, शिकतील. आणि पिल्लं झाली की दोन-तीन शाळेलाच भेट देतो.” ही बातमी बैठकीपर्यंत पोहोचली तेव्हा मंडळींत सरळ दोन तट पडले. काहींना वार्षिक प्रदर्शनात सापाची पिल्ले म्हणजे मोठी शोभा वाटली. काहींचे म्हणणे, सर्पमित्राला बोलवा आणि ते जनावर चोरलच्या जंगलात सोडून या, मुलांच्या घरात साप कशाला!

आम्हाला दोन्ही गोष्टी मान्य नाहीत.

यंत्राचे आधी सांगतो, कारण त्यात आमचा स्वतःचा एक जुना अपराध दडला आहे. २००३ च्या पावसाळ्यात विद्यालयाच्या सायकल स्टँडमागची पडकी भिंत पाडत होते. आम्ही तेव्हा विज्ञानाचे शिक्षक होतो. दगडांखाली ओल्या मातीत एक लांब साप निघाला आणि पळाला. मजूर म्हणाले धामण. तिच्या जागी पांढऱ्या, मऊ सालीच्या अंड्यांचा पुंजका होता. डझनभर तरी असतील. मजूर ती फोडणार, इतक्यात आम्ही मध्ये पडलो आणि मुलांसमोर मोठ्या अभिमानाने ती अंडी बादलीत भरून प्रयोगशाळेत आणली. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सुटी केली, माती लागली होती म्हणून धुतली, वाळूवर मांडली, वर विजेचा दिवा लावला. आणि कोंबडी अंडी फिरवते हे आम्हाला ठाऊक होते, म्हणून सकाळ-संध्याकाळ न चुकता प्रत्येक अंडे उलटे करीत राहिलो.

दोन-तीन आठवड्यांत अंडी आत बसू लागली, त्यांवर बुरशी आली. एक फोडून पाहिले. आत बोटभर लांबीचा, डोळे असलेला, वेटोळे घातलेला जीव होता. तो मेलेला होता. वर्गात आम्ही सांगितले की अंडी मुळातच खराब निघाली. ते खरे नव्हते. त्या वेळचे विद्यार्थी आज पालक म्हणून या सभागृहात बसतात. त्यांना हे आज, उशिरा का होईना, सांगत आहोत.

चूक कशी झाली ते समजून घेण्यासारखे आहे. कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंना पिळदार दोऱ्यांनी टांगलेला असतो. अंडे फिरले तरी गर्भ आपला वरच राहतो, आणि फिरवले नाही तर तो सालीला चिकटण्याची भीती असते. सापाच्या अंड्यात हे दोरे नाहीत. अंडे घातल्यावर एक-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला येऊन तेथील पडद्याला लागतो आणि तेथूनच श्वास घेतो. नंतर अंडे उलटे केले की बलकाचा सगळा भार त्याच्यावर येतो. म्हणून सापाचे अंडे ज्या बाजूने पडले त्याच बाजूने शेवटपर्यंत राहिले पाहिजे. जाणकार लोक अंडी हलवण्यापूर्वी वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात ती यासाठीच. आणि आपल्या प्रयोगशाळेतले यंत्र? ते आठवीच्या प्रकल्पासाठी घेतलेले कोंबडीच्या अंड्यांचे यंत्र आहे. त्यातील ट्रे दर काही तासांनी आपोआप कलतो. वडिलांनी ज्या भरवशाने ते मागितले त्याच भरवशाने आम्ही बावीस वर्षांपूर्वी अंडी उलटी करीत होतो.

आता सापिणीविषयी. अंड्यांच्या गडबडीत तिला सगळे विसरले आहेत असे आमच्या लक्षात आले. मुलाने एक वही केली आहे, त्यात तारीखवार नोंदी आहेत. वही उत्तम आहे; अकरावीच्या मुलांनी प्रॅक्टिकलचे जर्नल कसे असावे हे तीत पाहून घ्यावे. तिच्यात लिहिले आहे की डिसेंबरात सापिणीचे वजन १३८० ग्रॅम होते. अनुभवी पाळणारे लोक दीड किलोच्या आतल्या मादीला नराजवळ ठेवत नाहीत. कारण सरळ आहे. अंड्यांचा एकूण भार मादीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होऊ शकतो आणि तो सगळा तिच्या अंगच्या चरबीतून उभा राहतो. वर ती महिनोन्‌महिने खात नाही. म्हणजे ही मादी मुळात कमी भांडवलावर या धंद्यात ओढली गेली, आणि तीही आपण म्हणजे माणसांनी सोबतीच्या हौसेपायी ओढली.

तिची काळजी घ्यायची म्हणजे काय करायचे, हे मुलगा वारंवार विचारतो. काहीतरी करावेसे त्याला वाटते आणि ते स्वाभाविक आहे. पण यातले बहुतेक काम हात मागे घेण्याचे आहे. तिला उचलू नये, गळ्यात घालू नये, फोटोसाठी बाहेर काढू नये. जबरदस्तीने भरवू नये. या दिवसांत उपास हा तिचा धर्मच आहे. पाण्याचे भांडे मात्र रोज भरलेले व स्वच्छ हवे. पेटीच्या शांत, मध्यम उबेच्या भागात झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा ठेवावा, त्याला ती सहज आत जाईल एवढे भोक पाडावे आणि आत ओलसर शेवाळ किंवा कोकोपीट घालावे. ओलसर म्हणजे मुठीत दाबले तर पाणी गळता कामा नये. जंगलात ती दुसऱ्या प्राण्याने सोडलेल्या बिळात अंडी घालते. आपल्याकडच्या भरतपूरच्या अभयारण्यातले अजगरही साळिंदराच्या बिळांत राहतात. डबा हे ते बीळ समजावे. डबा नसेल तर ती पाण्याच्या भांड्यातसुद्धा अंडी घालते आणि ती बुडून वाया जातात.

अंडी घालण्याआधी साधारण महिनाभर ती एकदा कात टाकते. वहीतली ती तारीख आहे २० मे २०२५. त्यावरून हिशेब केला तर हे वार्तापत्र आपल्या हातात पडेल त्याच सुमारास तिची वेळ भरलेली असेल. बहुधा रात्री किंवा पहाटे, काही तासांत, एकामागून एक अशी अंडी येतात. चार ते आठ ही सर्वसाधारण संख्या. डॉक्टरांना चाचपून सहा असावीत असे वाटले. काही अंडी घालून ती मध्येच थांबली, अंगात फुगवटा तसाच दिसत राहिला आणि दिवस उलटला, तर अंडे अडले असे समजून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. पोट दाबून अंडे पुढे सरकवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, त्याने आतला भाग फाटतो. सापांवर उपचार करणारे डॉक्टर कोणत्याही शहरात दोन-चारच असतात. त्यांचा क्रमांक आणि रात्री फोन केला तर चालेल का, हे आधी विचारून ठेवणे ही खरी तयारी. मुलाच्या वडिलांनी ते आमच्यासमोर फोन करून विचारले, याचा आनंद वाटला.

आणखी एक गोष्ट आपल्या हवेची. विदेशी पुस्तकांत सगळीकडे ऊब कशी द्यावी हे लिहिलेले असते. अंड्यांना ३१ ते ३२ अंश लागतात हे वाचून वडिलांनी पेटीवर मोठा दिवा बसवला. माळव्याच्या मे महिन्यात! वहीत त्या आठवड्याची नोंद आहे: दुपारी तीन वाजता, खोलीत ३६, पेटीत ३९. आम्ही ती ओळ दोनदा वाचली. अशा उष्णतेत मादी सोसेल तितके सोसेल, अंड्यांतले गर्भ मरतील. दिवा त्याच दिवशी काढला, पेटी घराच्या आतल्या, कूलरच्या खोलीत हलवली आणि तापमान आपोआप आवरणारे थर्मोस्टॅट बसवले. पुढे पावसाळ्यात झडी लागली की उलट अडचण येईल, तेव्हा बेताची ऊब लागेल. वीज गेल्यावर काय, याचे उत्तर अजून त्या घरात नाही. आमच्याकडेही नव्हते; मॅडमनी सुचवले की अंड्यांचा डबा थर्माकोलच्या जाड खोक्यात ठेवावा आणि आत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवाव्यात, म्हणजे तापमान एकदम चढत-उतरत नाही. ही सूचना आम्हाला यंत्रापेक्षा जास्त पसंत आहे.

अंडी घातल्यावर मादी त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते. खुडूक कोंबडी घरात ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो हट्ट ओळखू येईल. आपल्या देशातली अजगराची मादी तर अंगाचे स्नायू सारखे आखडून स्वतः उष्णता निर्माण करते आणि अंडी गरम ठेवते. सापासारख्या थंड रक्ताच्या म्हटल्या जाणाऱ्या प्राण्यात ही मोठी नवलाची गोष्ट आहे. बॉल पायथन तशी थरथरत नाही. तिचे वेटोळे मुख्यतः अंड्यांतला ओलावा उडू देत नाही. अंडी तिच्यापाशीच ठेवायची की काढून वेगळ्या डब्यात उबवायची, यावर पाळणाऱ्यांत दोन मते आहेत. निरोगी, भरल्या अंगाच्या मादीबाबत आम्ही पहिल्या मताचे असतो. पण या मादीने आणखी दोन महिने उपाशी बसावे असे तिचे वजन नाही. तेव्हा अंडी जाणत्या माणसाने हलक्या हाताने काढावीत, चिकटलेली असतील तर चिकटलेलीच राहू द्यावीत, आणि मादीला व पेटीला कोमट पाण्याने स्वच्छ करावे. अंड्यांचा वास राहिला तर ती नसलेल्या अंड्यांवरही बसून राहते आणि खात नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख आहे तो. सहा अंडी, पंचावन्न ते साठ दिवस, आणि ऑगस्टच्या मध्यास सहा पिल्ले. नागपंचमीला ती निम्म्याहून अधिक वाट चाललेली असतील. मग पुढे? मुलाने सांगितले की चार मित्रांनी पिल्ले आधीच मागून ठेवली आहेत आणि नावेही ठरली आहेत. त्या चारही घरी आम्ही फोन केला. तीन घरी आईवडिलांना काहीच माहीत नव्हते. चौथ्या घरी माहीत होते, पण तो प्लास्टिकचा साप असल्याचा समज होता.

पालकांनो, हा साप नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षे सहज जगतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात याच जातीची, साठी ओलांडलेली एक मादी होती; तिने पंधरा वर्षांहून अधिक काळ नराचे तोंड न पाहता २०२० साली सात अंडी घातली. म्हणजे आज नववीतल्या मुलाने घेतलेले पिल्लू त्याच्या लग्नाला हजर असेल, आणि तो शिक्षणासाठी बंगळुरूला किंवा परदेशी गेला की ते सांभाळायचे आईलाच. त्याला उंदीर लागतात. या घरी ते गोठवलेले आणतात आणि बाल्कनीत ठेवलेल्या एका जुन्या लहान फ्रिजमध्ये ठेवतात. स्वयंपाकघरातल्या फ्रिजजवळ आजी फिरकू देत नाहीत. आजींचे आम्ही समर्थन करतो. प्रत्येक पिल्लाची सरकारदरबारी खबर द्यावी लागते, दुसऱ्याला दिले तरी द्यावी लागते, मेले तरी द्यावी लागते. मित्राच्या वाढदिवसाला डब्यात घालून देण्याची ही वस्तू नव्हे.

जंगलात सोडा म्हणणाऱ्या विश्वस्त बंधूंनाही नम्रपणे सांगतो. आफ्रिकेतला साप चोरलच्या किंवा रालामंडलच्या जंगलात सोडला तर एक तर तो मरेल, किंवा जगेल. जगला तर अधिक वाईट. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव म्हणून आणलेले बर्मी अजगर सुटले, सोडले गेले, त्यांनी तेथे अंडी घातली. पुढे त्या भागातून रकून आणि ऑपॉसमसारखे सस्तन प्राणी जवळजवळ दिसेनासे झाले. २०१२ साली तेथील सरकारने त्या अजगराची आयातच बंद केली. तोवर उशीर झाला होता आणि आजही ते अजगर तेथून हटलेले नाहीत.

विद्यालयाने पिल्ले घ्यावीत का? नाही. दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कोण येणार? उन्हाळ्यात? मॅडमची बदली किंवा निवृत्ती झाली तर? मत्स्यालयाचे काय झाले ते मंडळाला आठवत असेल. जिवंत प्राणी शोभेसाठी घ्यायचा आणि सुट्टीत शिपायाच्या भरवशावर सोडायचा, हे आमच्या कारकिर्दीत पुन्हा होणार नाही.

तेव्हा वडिलांना आम्ही जे समोर सांगितले तेच येथे लिहितो. जितक्या पिल्लांची घरे आज, कागदासह, पक्की आहेत तितकीच अंडी उबवावीत. नर ज्यांचा आहे ते गृहस्थ जाणते आहेत. ते दोन घेण्यास तयार आहेत. एक हे कुटुंब स्वतः ठेवू शकते. म्हणजे तीन. उरलेली अंडी पहिल्याच दिवशी गोठवून टाकावीत. आधी टॉर्चच्या उजेडात अंडी पाहावीत. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ते जिवंत. पिवळट, लहान, शिरा नसलेले असेल तर त्यातून काही निघणार नाही आणि त्याचा प्रश्नच उरत नाही. पण जिवंत अंड्यांपैकी काही आपण होऊन थांबवावी लागतील आणि ती लवकरात लवकर थांबवावीत. पाचव्या आठवड्यात हा विचार करणे क्रूरपणाचे होईल.

हे लिहिताना आमचा हात अडखळला, हे कबूल करतो. आपल्या गावात किडामुंगीला पीठ घालणारी घरे आहेत. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले मेली आणि पुढे काय घडले, ती नागपंचमीची कहाणी आम्हीही आईच्या मांडीवर ऐकली आहे. त्या दिवशी आमच्याकडे अजून कोणी जमीन खणत नाही, विळीवर चिरत नाही. बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी आम्हाला विचारले, “सर, २००३ ची अंडी मेली म्हणून तुम्हाला आजही वाईट वाटतं, मग ही मारायला कशी सांगता?” प्रश्न बिनतोड होता. आम्हाला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आज एवढेच म्हणतो की २००३ ची पिल्ले जगली असती तर गवतात निघून गेली असती, त्यांना आमची गरज नव्हती. या सहांना जन्मापासून मरेपर्यंत माणसाशिवाय गती नाही. ज्या घराला आपण नको आहोत अशा घरातल्या पेटीत, थंड पडलेल्या दिव्याखाली एखादे पिल्लू महिनोन्‌महिने झुरत जाणे आम्हाला अधिक भयंकर वाटते. ज्यांना पटत नसेल त्यांनी अवश्य लिहावे, पुढील अंकात छापू.

वडिलांनी अजून होकार दिलेला नाही. “बघू, अंडी तर येऊ द्या,” असे ते म्हणतात. नेमके हेच आम्हाला नको आहे. अंडी आली की घरात आनंद होईल, फोटो निघतील, नातेवाईक येतील आणि मग कोणाच्या हातून काही ठरणार नाही. जे ठरवायचे ते या आठवड्यात ठरवावे. मुलगा मात्र परवा आमच्याकडे येऊन गेला. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने सहा रेघा ओढल्या आहेत. तिघींपुढे नावे लिहिली आहेत, तीन मोकळ्या सोडल्या आहेत. म्हणाला, “सर, अजून एक घर मिळालं तर?” आम्ही म्हटले, कागदासह मिळाले तर चौथीपुढेही नाव लिही.

एक विनंती. विद्यालय सुटल्यावर नववी आणि दहावीची मुले सापीण पाहण्यासाठी त्या घरी जात आहेत असे कळले. गेल्या शनिवारी एका वेळी अकरा जण होते. काचेवर टकटक केली की ती डबा सोडून पेटीत फिरू लागते, आणि या दिवसांत तिने डब्यात पडून राहणे फार गरजेचे आहे. अंडी घालून होईपर्यंत आणि त्यानंतर ती स्वतःहून पहिले भक्ष्य खाईपर्यंत कोणीही तेथे जाऊ नये. ज्यांना माहिती हवी आहे त्यांच्यासाठी मुलाच्या वहीतल्या त्या दिवसाच्या नोंदीची प्रत रोज सकाळी प्रार्थनेनंतर जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या दारावर लावली जाईल. तापमान, ओलावा, पाणी आणि वजन एवढेच तिच्यात असेल. ज्या पालकांच्या घरी असे विदेशी प्राणी आहेत आणि नोंदणी झालेली नाही, त्यांनी कोणत्याही दिवशी दुपारी १२ ते १ या वेळेत आम्हाला भेटावे. नाव बाहेर जाणार नाही, अर्ज भरण्यास मॅडम मदत करतील.

आपला,
प्राचार्य